शेपटी उभारण्याचा मान

एका जंगलात, तळ्याच्या काठाने, चितळ हरिणींचा एक रुबाबदार कळप चरत असे. मोहाच्या झाडाखाली त्या रवंथ करत बसल्या की एकट्यादुकट्या हरिणीला वाटे, आपणही यांच्यातली एक व्हावे. दर हिवाळ्यात कळप नव्या हरिणींना बोलावी, त्यांची चाल पाही आणि निवडक चौघींना ठेवून घेई. पण त्यांना लगेच बहीण म्हणत नसत. पौर्णिमेपर्यंत त्यांनी रांगेत शेवटी चालायचे, सगळ्यांचे झाल्यावर गढूळ पाणी प्यायचे आणि शेपटी कायम खाली ठेवायची. मुलांनो, धोका दिसला की चितळ शेपटी उभारून तिची पांढरी बाजू दाखवते. तो मान फक्त जुन्या हरिणींचा होता; नवीने तो घेतला तर तिला कळप सोडावा लागे.

त्या वर्षीच्या चौघींत एक पोरकी हरिणी होती. वणव्यात तिचा कळप पांगला होता आणि उन्हाळाभर ती एकटीच, डोळ्याला डोळा न लावता जगली होती. "ए शेपूट, पाणी गोड आहे ना गं?" जुन्या हरिणी चिडवत. "तुमच्या पायांची चव उतरलीय ताई त्यात," ती म्हणे आणि सगळ्या खिदळत. ते खिदळणेही तिला हवेसे वाटे. कुणाच्या तरी पाठीला पाठ लावून निर्धास्त झोपावे, एवढीच तिची इच्छा होती.

पौर्णिमा उद्यावर आली. सकाळी कळप ओढ्याकडे निघाला आणि मागून चालणाऱ्या पोरकीला दिसले की वारा नसताना गवत हलते आहे. बिबट्या! तो चौघींना सोडून पुढच्या पाडसांच्या रोखाने सरकत होता. शेपटी उभारली तर उद्याची जागा गेली, पुन्हा तो एकटा उन्हाळा! तरी तिने खूर आपटला आणि शेपटी ताठ उभी केली. कळप उधळून ओढ्यापार गेला. बिबट्याची झेप रिकाम्या गवतावर पडली.

"पौर्णिमेआधी शेपटी? नियम मोडलास!" एक जुनी हरिणी धापा टाकत ओरडली.

"मोडला, ताई. जाते मी," पोरकी म्हणाली आणि वळली.

तेवढ्यात मागून एक नवी हरिणी पुटपुटली, "गवत मलाही दिसलं होतं."

"मलाही," दुसरी म्हणाली.

तिसरीने मान खाली घातली. "मला तर त्याचे कान दिसले होते. पण पौर्णिमा उद्याच होती ना..."

कळपाची थोरली हरिणी आपल्या पाडसाला चाटत होती, ती थांबली. "चौघींना दिसत होतं," ती हळूच म्हणाली, "आणि त्यांनी गप्प राहावं हे आम्हीच शिकवलं होतं. थांब गं पोरी, कुठे निघालीस? ये, माझ्या शेजारी पाणी पी. तुम्हीही या गं तिघी."

ओढ्याचे पाणी नितळ होते. त्या दुपारी मोहाखाली पोरकी हरिणी थोरलीच्या पाठीला पाठ लावून गाढ झोपली. पुढच्या हिवाळ्यात नव्या हरिणी आल्या, तेव्हा त्यांना सगळ्यांत आधी शेपटी उभारायला शिकवले, आणि शिकवायला तीच उभी होती.

तात्पर्य : नव्याला गप्प बसवून आपलेसे करता येत नाही, ज्या घरात पहिल्या दिवसापासून बोलायची मुभा असते, तेच घर सर्वांना सांभाळते.