साहेबांच्या मागची चौकट

नायब तहसीलदार बोंद्रेसाहेबांच्या खुर्चीमागे एक प्रशस्तिपत्र चौकटीत मिरवत होतं: 'सर्व अर्ज त्याच दिवशी निकाली.' यातली गोम अशी, की साहेब अर्जावर आवकचा शिक्का मारायचे तेच मुळी दाखला तयार झाल्यावर.

शिवणकाम करणाऱ्या शेवंताबाई महिनाभर खेटे घालत होत्या. लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि उद्या शेवटची तारीख होती.

"साहेब, कायद्यात पंधरा दिवसांची मुदत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"मुदत शिक्क्यापासून मोजतात, बाई. तुमच्या अर्जावर शिक्का कुठाय?"

"मग आज मारा."

साहेबांना हसू आलं. बाईने आपणहून पायावर धोंडा पाडून घेतला होता! त्यांनी आजच्या तारखेचा शिक्का ठोकला, पोच दिली आणि म्हणाले, "आता पंधरा दिवस इकडे फिरकू नका."

शेवंताबाईंनी पोच घडी करून बटव्यात ठेवली. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढत साहेबांच्या खुर्चीमागे नेलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"इथल्या कुठल्याच अर्जाला दुसरा दिवस लागत नाही, असं भिंतीवर लिहिलंय. माझ्या अर्जाला पंधरा लागणार, आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. तेव्हा साहेब, वर चढा आणि चौकट उतरवा. मी स्टूल धरते."

कचेरी बंद व्हायच्या आत दाखला बटव्यात गेला. चौकट भिंतीवरच राहिली. त्या दिवसापुरती तरी ती खरं बोलत होती.