बावन्न पावलांवरचा दगड

जर्मनी नावाच्या दूरच्या देशात, दोन डोंगरांच्या कुशीत, फिंकेनबोर्न नावाचं एक पिटुकलं गाव होतं. एकवीस घरं, निमुळत्या मनोऱ्याचं एक चर्च, एक पाणचक्की आणि चढावर बाईसाहेबांची पिवळी हवेली. झालं गाव! गावात माणसांपेक्षा बदकं जास्त होती, आणि बदकांपेक्षाही जास्त होते टिलीचे प्रश्न.

टिली आठ वर्षांची. तिला वडील नव्हते. अंगात एकच फ्रॉक, तोही कोपरावर दोनदा ठिगळ लावलेला, आणि जेवायला रोज काळा पाव नि कांदा. पण नवं काही दिसलं की तिचे डोळे लुकलुकायचे. “आई, हा झरा आधीपासून इथेच होता? चर्चच्या आधी इथे काय होतं? आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी तुझ्यासारखीच एक पोर होती. तिनं विचारून विचारून सगळ्यांचं डोकं खाल्लं,” आई म्हणायची आणि हसायची.

आईच्या हाताला उसंत नसायची. फिंकेनबोर्नमध्ये जवस पिकायचा आणि त्याच्या देठांच्या धाग्याचं कापड विणलं जायचं. मागावरून उतरतं तेव्हा ते कापड असतं मातकट. टिलीची आई ते झऱ्याकाठच्या कुरणावर पसरायची, दिवसभर त्यावर पाणी शिंपडायची, आणि ऊन नि दव मिळून त्याला पांढरंशुभ्र करायचे. उन्हाळ्यात हिरव्या कुरणावर त्या पांढऱ्या पट्ट्या अशा लखलखायच्या, की पाखरंसुद्धा वळसा घेऊन बघून जायची. साऱ्या गावाची चूल त्या कुरणाच्या जिवावर पेटायची.

आणि तेच कुरण आता जाणार होतं.

बाईसाहेब अडेलहाइड पन्नास वर्षं परमुलखात राहून नुकत्याच हवेलीत परत आल्या होत्या. त्यांच्या कारभाऱ्यानं चर्चसमोर उभं राहून ठणकावून सांगितलं, “कुरण हवेलीचं आहे. तिथे हरणांसाठी कुंपण घालायचंय. गावाचं आहे म्हणता? मग हद्दीचा दगड दाखवा. उद्या दुपारी बाराची घंटा होईपर्यंत!”

दगड होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओढ्याच्या काठावर होता, हेही ठाऊक होतं. मग काय, सारा गाव कुदळी घेऊन ओढ्याच्या काठाला भिडला. गाळ निघाला, बेडूक निघाले, कुणाचा तरी जुना बूट निघाला. दगड काही निघेना.

“पूर्वी दर सात वर्षांनी सगळं गाव हद्दीवरून फिरायचं,” पाणचक्कीवाले योस्टआजोबा घाम पुसत म्हणाले. “दगडापाशी आलं की मोठी माणसं पोरांचे कान ओढायची आणि वर मधाचा पाव द्यायची. कान दुखला आणि पाव गोड लागला, की ती जागा पोर जन्मभर विसरत नाही. मग लढाई आली, माणसं पांगली, फेरी बंद पडली. शेवटच्या फेरीला मी पाळण्यात होतो. पाळण्यातल्याचा कान कोण ओढणार?”

“आई, कुरण गेलं तर आपण काय करायचं?” टिलीनं विचारलं.

आईनं कुदळ खाली ठेवली. “दुसरं गाव शोधायचं,” ती म्हणाली.

त्याच दुपारी टिली धुतलेल्या रुमालांची टोपली घेऊन हवेलीच्या बागेत गेली. काय बाग होती ती! गुलाबी, जांभळी, केशरी फुलं, चंदेरी कारंजं, आणि मधोमध लिंडनचं म्हातारं झाड. बदामाच्या आकाराची पानं आणि मधाच्या वासाची इवली इवली पिवळसर फुलं. फुलं आता गळायला लागली होती.

“ओरडू नकोस आणि फुंकू नकोस,” एक बारीक, चिडका आवाज आला. “चिकटलेय मी!”

टिलीनं वाकून पाहिलं. एका पानावर करंगळीएवढी परी बसली होती. सोनेरी केस, हिरवा झगा, आणि पंख पानाला घट्ट चिकटलेले! उन्हाळ्यात लिंडनच्या पानांवरून चिकट गोड थेंब टपकतात ना, त्यातच बिचारी अडकली होती.

टिलीनं कारंज्याचं पाणी ओंजळीत आणलं. थेंब थेंब सोडत तिनं पंख सुटे केले.

“पिळू नकोस हं!” परी किंचाळली.

“नाजूक कापड पिळत नाहीत, एवढं कळतं मला,” टिली म्हणाली. तिनं एक पांढरा रुमाल गवतावर अंथरला, परीला त्यावर अलगद पालथं निजवलं आणि पंख उन्हात पसरले. घटकाभरात पंख वाळले आणि त्यांत निळे, गुलाबी, सोनेरी रंग झुळझुळायला लागले.

“मी या झाडाइतकी जुनी आहे,” परी पंख झटकत म्हणाली. “तुला तीन इच्छा देते. पण नियम ऐक. पुढचं मी काही देत नाही, मागचं दाखवते. एका इच्छेला गेलेला एक दिवस. तिथली वस्तू इकडे आणायची नाही. अंगाला लागेल आणि मनात राहील तेवढंच तुझं. इच्छा दुसऱ्याला दिलीस तर तो दिवस त्याचा, तुला दिसणार नाही. आणि झाडावरचं शेवटचं फूल गळलं की उरलेल्या इच्छा संपल्या.”

शहाण्या मुलीनं लगेच दगड कुठे आहे ते पाहिलं असतं. पण आपली टिली! तिच्या तोंडून भसकन निघून गेलं, “या गावाचा पहिला दिवस दाखव!”

परीनं तिच्या पापण्यांवर फुंकर घातली. डोळे उघडले तर चर्च नाही, हवेली नाही. नुसतं रान, झरा आणि सात बैलगाड्या. माणसं लाकडं तोडत होती. एक लांब झोपडं उभं राहिलं होतं, त्यात एका टोकाला गाई, मधे गावकरी आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा सरदार. हीच पहिली हवेली! सरदारासकट सगळे एकाच लाकडी वाडग्यातून आळीपाळीनं दूध पीत होते. एका बाईनं वाडगं टिलीपुढेही धरलं. “पी गं. आणि ऐका रे, झऱ्याकाठचं गवत सगळ्यांचं, बरं का!”

टिली परत आली तेव्हा हातात वाडगं नव्हतं, पण ओठांवर दुधाची मिशी होती.

“बाई गं, एक इच्छा उधळली मी!” ती हळहळली. “दगड तर तेव्हा पुरलाच नव्हता!” आता दोनच उरल्या. पण हद्दीच्या फेरीचा दिवस नेमका कुठला, हे तिला कुठे माहीत होतं?

इतक्यात बाकावरून मुसमुसण्याचा आवाज आला. बाईसाहेब अडेलहाइड एकट्याच बसल्या होत्या. काळा रेशमी झगा, पांढरे केस. त्या डोळे पुसत होत्या, आणि त्यांच्या डाव्या हाताची करंगळी जन्मापासूनच वाकडी होती.

“तुम्ही का रडताय?” टिलीनं विचारलं. मोठ्या माणसांना असं विचारू नये म्हणतात, पण तिला राहवलं नाही.

बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “मला एक भाऊ होता, कास्पर. याच बागेत आम्ही खेळायचो. मी पाच वर्षांची असताना तो तापानं गेला. इतकी वर्षं त्याच्यासाठी म्हणून मी इथे यायचं टाळलं. आता आले, तर त्याचा चेहराच आठवत नाही गं.”

टिलीला गलबलून आलं. या बाईंनीच तर कुरण काढून घ्यायला माणसं धाडली होती! पण समोर बसलेली ती बाई आता नुसती कुणाची तरी बहीण होती. टिली पानाआडच्या परीला हळूच म्हणाली, “दुसरी इच्छा यांना दे.”

“नीट विचार कर. परत मागता येणार नाही,” परी म्हणाली.

“दे.”

लिंडनच्या वासाची एक झुळूक आली. बाईसाहेबांचे डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांचा सुरकुतलेला चेहरा उजळला होता.

“बसल्या बसल्या काय सुंदर स्वप्न पडलं! कास्पर आला होता गं, नाकावर सात ठिपके असलेला माझा कास्पर! सदऱ्याच्या बाहीला चुना लागलेला, एक कान लालबुंद, आणि हातात मधाचा पाव. मी विचारलं, कान कुणी ओढला? तर म्हणाला, ‘आठवणीसाठी!’ आणि न ओळखताच या म्हातारीला अर्धा पाव दिला.”

टिली टुणकन उभी राहिली. लाल कान! मधाचा पाव! तो फेरीचाच दिवस होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत बागेत आली. झाडावर आता मोजून पाच फुलं उरली होती. “कास्परचा कान लाल झाला तो दिवस,” ती धापा टाकत म्हणाली. परीनं फुंकर घातली.

आणि टिली थक्क झाली. ओढा भलतीकडूनच वाहत होता! आज जिथे हवेलीचे गुलाब आहेत, तिथून तो खळाळत होता. पुढे नव्या पाणचक्कीसाठी गावानं ओढा वळवला होता, आणि सगळे ते विसरून गेले होते. म्हणूनच तर दगड सापडत नव्हता!

काठावर जुन्या, झिजलेल्या दगडाच्या जागी पुरायला नवा दगड आडवा ठेवलेला होता. त्याच्या पाठीवरच्या खळग्यात गावच्या प्रमुखानं ओला चुना भरला. “हवेलीचं एक पोर आणि गावाचं एक पोर, हात उमटवा,” तो म्हणाला. हवेलीकडून चार वर्षांची एक गोबरी मुलगी पुढे आली. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती.

“आणि गावाकडून?” गावाची पोरं पावाच्या टोपलीभोवती झोंबत होती. प्रमुखानं जवळ उभ्या असलेल्या टिलीचा हात धरला. “तू ये, पोरी. दाब जोरात. आता लगेच धुऊन टाक, चुना चावतो.” मग दिवसभराच्या उन्हात चुना टणक झाला, आणि दगड उभा पुरला गेला. प्रमुखानं ओळीनं सगळ्यांचे कान ओढले. कास्परचा, टिलीचा, गोबऱ्या मुलीचाही.

ती गोबरी मुलगी रडली नाही. “आणखी एकदा ओढा,” ती म्हणाली, “म्हणजे आणखी एक पाव!”

टिलीनं परत निघण्याआधी लिंडनकडे पाठ केली, चर्चचा मनोरा नाकासमोर धरला आणि झाडापासून दगडापर्यंतची पावलं मोजली. बावन्न.

ती परत आली तेव्हा बाराला थोडाच वेळ उरला होता. बागेच्या फाटकाशी गाव गोळा झालं होतं, कारभारी आणि बाईसाहेबही आल्या होत्या, आणि त्यांची माणसं कुंपणाचे खांब घेऊन उभी होती. टिली लिंडनपासून चालत निघाली. एक, दोन, तीन... बावन्नावं पाऊल बरोब्बर गुलाबांच्या ताटव्यात पडलं.

“दगड इथे आहे,” ती म्हणाली.

“बाईसाहेबांचे गुलाब उकरायचे? एका पोरीच्या सांगण्यावरून?” कारभारी कडाडला.

टिली सरळ बाईसाहेबांसमोर गेली. “इथे तुमचा कान ओढला होता, बाईसाहेब. तुम्ही रडला नाहीत. तुम्ही म्हणालात, आणखी एकदा ओढा, म्हणजे आणखी एक पाव.”

बाईसाहेबांचा हात आपोआप कानाकडे गेला. मग हलकेच म्हणाल्या, “चुना चावला होता. कास्परनं माझा हात ओढ्यात धुतला होता... खणा!”

गुलाब निघाले, काळी माती निघाली, आणि खोल खाली, मुळांनी घट्ट आवळलेला दगड निघाला. योस्टआजोबांनी त्याच्या पाठीवरची माती पुसली. चुन्यात दोन इवले हात उमटले होते. एकाची करंगळी वाकडी होती.

बाईसाहेब मातीत गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी आपली म्हातारी वाकडी करंगळी त्या चिमुकल्या करंगळीवर ठेवली. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. “म्हणजे इतकी वर्षं माझे गुलाब गावाच्या जमिनीवर फुलत होते! खांब परत न्या. कुरण गावाचं आहे. आणि ही फेरी आता पुन्हा सुरू करायची, दर सात वर्षांनी. मधाचे पाव हवेलीचे.”

टिलीच्या आईनं पदराला... छे, तिथे पदर कुठला! तिनं एप्रनला डोळे पुसले.

“पण हा दुसरा हात कुणाचा?” योस्टआजोबांनी विचारलं.

टिलीनं हळूच आपला पंजा त्यावर ठेवला. बोट न् बोट जुळलं. बाईसाहेबांनी ते पाहिलं, मग टिलीचा लालबुंद कान पाहिला, आणि तिला जवळ ओढून घेतलं.

तेवढ्यात बाराची घंटा झाली. लिंडनचं शेवटचं फूल गिरक्या घेत खाली आलं. त्याच्यासोबत परी होती. तिनं टिलीकडे पाहून डोळे मिचकावले, आणि निळ्या, गुलाबी, सोनेरी उजेडाचा एक झोत सगळ्या कुरणावर पसरला. पसरलेली कापडं क्षणात पांढरीशुभ्र झाली. मग तिथे नुसतं ऊन राहिलं.

“काय होतं ते?” सगळे विचारायला लागले.

“आता तुम्ही विचारताय होय?” टिली म्हणाली. आणि हवेलीतून आलेला मधाचा पाव खात खात तिनं त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसाच्या दुधापासून.