पतंगाआडचा मुकुट

फलटणला आमचं हलव्याच्या दागिन्यांचं दुकान आहे. परातीत हलव्यावर काटा फुलवायचं काम माझं आणि बोलायचं काम माझ्या बायकोचं, वत्सलाचं. बाहेरगावची गिऱ्हाइकं यावीत म्हणून आम्ही पेंडसे साहेबांकडून वेबसाइट करून घेतली. ती उघडली की आधी पतंग उडायचे, मग नाव, गाव, फोन विचारला जायचा आणि दागिने सगळ्यात शेवटी दिसायचे. संक्रांत तोंडावर आली, माल तयार होता, पण फोन वाजेना.

“साहेब, दागिने आधी दाखवा की,” वत्सला म्हणाली.

“आजी, गिऱ्हाइकाला आधी भारावून टाकायचं असतं. तुम्हाला नाही कळायचं ते.”

पुढे एका दुपारी साहेबच धापा टाकत दुकानात आले. संध्याकाळी त्यांच्या मुलाचं बोरन्हाण होतं आणि मुकुट आणायचा राहिला होता. वत्सलाने कपाटावर पडदा ओढला, कोपऱ्यातला पतंग उचलला आणि त्यांच्या नाकासमोर सावकाश हलवू लागली.

“हे काय चाललंय, आजी?”

“पतंग उडतोय. आता नाव सांगा. गाव? फोन?”

“अहो, घरी बायका खोळंबल्यात! आधी मुकुट दाखवा!”

तिने पडदा सारला. “तुम्ही समोर आहात म्हणून ओरडलात, साहेब. वेबसाइटवरचा माणूस न ओरडताच निघून जातो.”

साहेब मुकुट हातात धरून मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडली, तर सगळ्यात वर मुकुट आणि त्याखाली आमचा नंबर. पहिला फोन वाजला तेव्हा माझे हात परातीत होते. नसते, तरी तो मी वत्सलालाच घेऊ दिला असता.