येशुदास पातोळेची सेवा

शनिवार, दुपारचे चार. मिशन कंपाउंडातल्या पाळकगृहाचा व्हरांडा. समोर चिंचेखाली हातगाडी उभी. गाडीवर बर्फाच्या लाद्या, लाद्यांवर येशुदास पातोळेचं प्रेत.

"पण तो कृपेत मेला असं मी कुठल्या तोंडाने म्हणू, साहेब?"

विचारत होता सुहृद चक्रनारायण. इथल्या ख्रिस्ती मंडळीचा नवा पाळक. ईश्वरविज्ञानाच्या परीक्षेत पहिला आलेला. ज्यांना विचारत होता ते त्याचे गुरू, निवृत्त रेव्हरंड उजागरे. त्यांना आता कमी दिसायचं, तरी उद्या देवळात सगळ्यांना वाटायची प्रभुभोजनाची भाकर तेच कापत बसले होते.

"कोणाच्या कृपेत?"

"देवाच्या. आणखी कोणाच्या?"

"मला वाटलं, मंडळीच्या."



येशुदास गावची गटारं साफ करायचा. उतरण्याआधी त्याला दारू लागायची. ज्यांना यात पाप दिसतं त्यांनी न पिता एकदा त्या वासात उतरून दाखवावं. नाताळात तो पिऊन प्रभुभोजनाला आला. सुहृदने सगळ्यांदेखत त्याला मेजापासून उठवलं. परत यायचं तर अट घातली... दारू सोड आणि पश्चात्ताप दिसेल अशी देवळाची काही सेवा कर.

पाळकगृहामागची, जड फरशीने झाकलेली मैल्याची टाकी आठवडाभर तुंबली होती. शुक्रवारी सकाळी येशुदास तिच्यात उतरला. वर आला नाही.

माणसाला अशा टाकीत उतरवायला कायद्याने बंदी आहे. मंडळीच्या पंचांना हे ठाऊक होतं. त्यांनी पोलिसांना सांगितलं, तो आपणहून उतरला, एकटाच होता, कोणी पाहिलं नाही. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

"मेजाबाहेर काढलेल्या माणसाला मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही," सुहृद म्हणाला. "हा नियम काही मी केलेला नाही."

"नाही. तू फक्त लावलास."

येशुदासची बायको सालोमीबाई पायरीपाशी येऊन उभी राहिली. वर आली नाही.

"पाळकसाहेब, बर्फाचं पाणी व्हायला लागलंय."

"बाई, आमचा विचार चाललाय."

"करा की. मेज नाही दिलंत, माती तरी द्या." तिने पदराने तोंड पुसलं. "काल प्यायला नव्हता हो तो. सकाळी तोंड उघडून माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, हुंग. मग म्हणाला, या रविवारी जाऊ दोघं."



सुहृदचा चेहरा जरा सैल झाला.

"हे मला माहीत नव्हतं, साहेब. मग प्रश्नच मिटला. दारू सोडली होती, सेवाही केली. अट पुरी झाली. आता तो कृपेत मेला असं म्हणता येईल."

"अट पुरी केली, मग मिळालं," उजागरे म्हणाले. "याला आमच्याकडे मजुरी म्हणतात."

सुहृद काही बोलणार होता. उजागऱ्यांनी सुरी खाली ठेवली आणि भाकरीची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"घे."

"आत्ता? उद्यासाठी आहे ती."

"खा एक तुकडा. आणि खाताना सांग, तू कुठली अट पुरी केलीस."

सुहृदचा हात ताटलीपर्यंत गेला.

तिथेच राहिला...

"जमत नाही ना," उजागरे म्हणाले. "नाताळात तोही असाच बसला होता. हात पुढे करून."

सुहृद उठला. आतून दफनभूमीच्या फाटकाची किल्ली घेऊन आला. पायऱ्या उतरून त्याने ती सालोमीबाईच्या हातात दिली.

"आत न्या, बाई. चांगली जागा बघा. उपासना मी करतो."

तिने किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. दोघा पोरांनी हातगाडी ढकलली. गाडी फाटकाकडे गेली. चिंचेखाली ओल राहिली.

सुहृदने झगा अंगावर चढवला. गुंड्या लावता लावता तो उजागऱ्यांकडे वळला.

"साहेब... कबरेपाशी काय बोलू? देवाने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं, असं म्हणू?"

"देवाचं नाव पुढे करू नकोस," रेव्हरंड उजागरे म्हणाले. "त्या टाकीचं झाकण एकट्याला उचलत नाही. दुसरे हात कोणाचे होते, ते बोल."