रेषा नसलेला ठसा

पूर्वी उदुंबरवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कांस्यकारांच्या कुळात जन्मला आणि वयात आल्यावर त्यांच्या श्रेणीचा, म्हणजे कारागीरसंघाचा, ज्येष्ठक म्हणजे प्रमुख झाला. त्या श्रेणीत साठ भट्ट्या होत्या. तांबे जवळच्या टेकडीत मिळे. परंतु कथिलावाचून तांब्याचे कासे होत नाही, आणि कथील तीन दूरच्या वाटांनी येई : नदीने नावांतून, माळावरून गाढवांच्या पाठीवर आणि घाटातून डोंगरकऱ्यांच्या डोक्यावर. प्रत्येक गाठोड्याच्या गाठीवर ओली माती थापून पाठविणाऱ्याने तिच्यावर आपला अंगठा उमटवावा, अशी रीत होती.

एकदा भर दुपारी पूर्वेच्या अरण्यातून बारा गाड्या आल्या. गाडीवान एकही नव्हता. बैल श्रेणीच्या अंगणात आपोआप थांबले. त्यांनी पाण्याला तोंड लावले नाही. त्यांच्या अंगावर माशी बसली नाही. गाड्यांत शुभ्र कथील होते. ते उतरवून मोबदला म्हणून मूठभर मीठ ठेवले की बैल परत फिरत. पुढे दर पंधरवड्यास त्या गाड्या येऊ लागल्या, आणि त्यांची घटका कधी चुकली नाही.

बोधिसत्त्वाने गाठीवरचा ठसा निरखला. अंगठ्याचा आकार स्पष्ट होता. त्यात रेषा मात्र एकही नव्हती.

तो श्रेणीस म्हणाला, "हा अंगठा कोणाचा हे कळेपर्यंत जुन्या वाटा सोडू नका."

घंटा ओतणारा तुंडिल हसला. "ज्येष्ठक, आपण कथील वितळवता की अंगठे? दारी आलेल्या बैलाचे गोत्र विचारीत बसलो, तर मूस निवून जाईल!"

सर्वांनी नावा आणि गाढवे परत धाडली. बोधिसत्त्व मात्र तिन्ही वाटांनी थोडे थोडे कथील घेत राहिला आणि उरलेले भट्टीखालच्या पेवात साठवीत गेला. सामा नावाची डोंगरकरीण त्याला म्हणे, "लेका, तुझ्या एका गाठोड्यासाठी मी घाट उतरते, म्हणून पायवाटेवर गवत चढत नाही."

तिसऱ्या वर्षी गाड्या ठरल्या घटकेस आल्या, पण रिकाम्या. पहिल्या गाडीच्या मोकळ्या बैठकीवरून आवाज आला, "उद्या याच वेळी प्रत्येक गाडीत एक मनुष्य बसवा."

"नाही बसवला तर?" तुंडिलाने विचारले.

"तर कथील दुसरीकडून आणा," आवाज सौम्यपणे म्हणाला.

कोणी ओरडले नाही, कोणी पळाले नाही. दिवस मावळण्यापूर्वी त्या सज्जन माणसांनी कोणी जायचे हे ठरविण्यासाठी शांतपणे नावांच्या बारा शलाका, म्हणजे काड्या, काढल्या. त्यांतील सातवी तुंडिलाच्या कन्येची निघाली. तेव्हा तो बोधिसत्त्वाच्या दारी येऊन पडला.

"ज्येष्ठक, मी आपल्याला हसलो. आता आमच्या भट्ट्या विझतील आणि नगरीत आपली एकटीच पेटती राहील. ती सुखाने राहो. पण माझी मुलगी वाचवा."

बोधिसत्त्व म्हणाला, "तुंडिला, साऱ्या नगरीने माझ्या एकट्याच्या दाराकडे पाहावे, असे झाले तर माझ्यात आणि त्या गाड्यांत भेद काय उरला?"

त्याने पेव उघडले आणि कथिलाचे साठ समान वाटे केले. ते एक महिना पुरणारे होते. गाठोडे घेऊन आलेली सामा त्याच पायी घाट चढली. नदीकडे आणि माळाकडेही माणसे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या आल्या. बोधिसत्त्व एकटाच पुढे झाला. "रिकाम्याच परत ने. आम्हांस आणखी तीन वाटा आहेत."

पाहता पाहता बैल आणि गाड्या विरून गेल्या. मातीत चाकांचे चर तेवढे उरले. लोक त्यांच्या मागावर निघाले; पण ते चर अरण्याकडे जातच नव्हते. ते अंगणात सुरू होऊन अंगणातच संपत होते.

महिना भरण्यापूर्वी सामा आपली माणसे घेऊन घाट उतरली. तिच्या गाठोड्यांवरच्या मातीत अंगठ्याच्या रेषा आणि एका जुन्या जखमेचा व्रण स्वच्छ दिसत होता. तुंडिलाने तो ठसा निरखून पाहिला.

एकाच दात्याच्या दारी भिक्षा घेणारा एक भिक्षू ते दार बंद होताच उपाशी राहिला, तेव्हा भगवंतांनी ही कथा सांगितली. ते म्हणाले, "त्या वेळचा तुंडिल म्हणजे हा भिक्षू. आज ज्या कोष्टिणीने याला अन्न दिले, ती सामा. ज्येष्ठक मीच होतो."

"आणि गाड्या धाडणारा, भगवन्?" भिक्षूने विचारले.

भगवंत म्हणाले, "तो अद्याप कोणाच्याही रूपाने जन्मलेला नाही. त्याच्या बैलांना तहान लागत नाही. ते कितीही काळ वाट पाहू शकतात."

बोधिसत्त्वाने त्या जन्मी जी पूर्ण केली, ती प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, होय.