मधला ठिपका

“...आणि उजेडात उजेड मिळवला तर अंधार कसा होतो, तेही लिहिलंयस?”

“सगळं लिहिलंय, सर. पान बेचाळीस. एका लहरीचं शृंग दुसरीच्या गर्तेवर आलं की दोन्ही संपतात. समीकरणासकट आहे.”

डॉ. वर्धमान शिरगुप्पे, विभागप्रमुख. प्रकाशलहरींवर जाडजूड पुस्तक लिहून सांगलीच्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेत आले होते. त्यांना शिकवलेल्या वणकुद्रे सरांची प्रस्तावना मिळाली की पुस्तक छापायला जायचं. सर ऐंशीचे, पण रोज येऊन बसायचे. प्रयोगशाळा मी सांभाळायचो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

सरांनी पुस्तक मिटलं.

“कडी मोज बघू.”

टेबलावर सोडियमचा पिवळा दिवा लागलेला होता. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवलं, की दोघांमधल्या हवेच्या फटीमुळे उजेड-अंधाराची गोल कडी दिसतात. ती सूक्ष्मदर्शकातून मोजायची आणि लहरीची लांबी काढायची.

शिरगुप्पे हसले. “हा तर पोरखेळ आहे, सर.”

कड्यांची मापं घेतली, गणित केलं. वीस मिनिटांत! आमच्या पोरांना दोन तास पुरत नाहीत.

“पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम.”

“छान. आकृती काढ.”

काढली. मधला ठिपका पेन्सिलीने घोटून काळा केला.

“हा काळा?”

“काळाच असतो, सर.”

“पाहिलास?”

शिरगुप्प्यांनी आकृतीकडे बघितलं.

“वाक. बघ.”

ते वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

मधला ठिपका पिवळाधमक होता.

काचेवर धुळीचा कण होता. त्याने भिंग केसभर उचललं गेलं होतं. कड्यांच्या मापांमधल्या फरकावरून काढलेलं उत्तर तेवढ्याने बिघडत नाही, पण मधोमध अंधाराच्या जागी उजेड येतो. हे शिरगुप्प्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याच पुस्तकात तशी तळटीप होती.

“कड्यांवरच नजर होती, सर... मधे बघितलंच नाही. तीस वर्षं पोरांना सांगतोय, डोळ्यांनी बघा म्हणून... लाज वाटते मला.”

मला तर तिथून निघून जावंसं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाची मान अशी खाली गेलेली बघवत नाही हो.

“प्रस्तावना नको, सर. मी मागायलाच नको होती.”

त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं. मग काय मनात आलं कोण जाणे, खिशातून रुमाल काढला, भिंग अलगद उचललं आणि काच पुसायला गेले.

सरांनी त्यांचं मनगट धरलं.

“नको पुसूस, वर्धमान. पुसलीस की तू काढलेली आकृती बरोबर ठरेल.”