घारकड्यावरचा दोर

"दोराला हात लावायचा नाही! मेख हलवून बघायची नाही! आमच्या माणसानं बांधलाय म्हणजे पक्काच आहे. मुकाट्यानं टोपलीत बसायचं, कडा उतरायचा आणि मध घेऊन वर यायचं. नाहीतर तुझा बाप कैदेतच राहील!"

घारगडच्या रायाजीराजांनी हुकूम सोडला आणि मिशीवर हात फिरवला. राही कड्याच्या काठावर उभी होती. खाली बघितलं तरी भोवळ यावी एवढी खोल दरी, आणि मधल्या कपारीत आग्या मोहोळाचं सुपाएवढं पोळं.

राहीचा बाप धाकू याच कड्यावरून मध काढत म्हातारा झाला होता. काल त्याचा गुन्हा काय? तर राजाच्या माणसानं बांधलेल्या दोराला उतरण्याआधी एक हिसका द्यायला गेला! झालं. राजेसाहेबांचा अपमान झाला. राजांचं वय झालं होतं, आणि वय झालं की आपण चुकत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. दरबारातल्या पांढऱ्या दाढ्याही माना डोलवायला तयारच. उतरणार कोण होतं त्यांच्यातलं?

दोर बांधला होता हैबतरावांनी. हे गडाचे कोठारप्रमुख. का? तर राणीसाहेबांचे थोरले भाऊ म्हणून! आयुष्यात त्यांनी स्वतःच्या जोड्याचा बंददेखील बांधला नव्हता. पण दोराला रेशमी गोंडा मात्र झकास लावला होता, आणि मेख ठोकली होती अगदी शामियान्याशेजारी, म्हणजे राजांना सावलीत बसून मजा बघता यावी.

राहीनं मेखेकडे पाहिलं. मेखेभोवती झेंडू फुलला होता. फुलांचा वाफा! कालच भुसभुशीत माती टाकलेली!

असल्या मातीत मेख काय तग धरणार! तोंडावर मात्र तिनं काही दिसू दिलं नाही.

"उतरते सरकार. दोराला बोटही लावत नाही. पण बाकी सगळं आमच्या रीतीनं व्हायला हवं. रीत मोडली तर माशा चवताळतात."

"पाळ की रीत! आम्ही काय अडवलंय?"

"सगळ्यांदेखत शब्द?"

"शब्द! राजाचा शब्द!"

राही हैबतरावांकडे वळली. "दोर तुम्हीच बांधलात ना, रावसाहेब?"

"मीच! या हातांनी!"

"मग एक सांगा. तुमची बहीण कुणाला दिलीय?"

शामियान्यात खसखस पिकली. हैबतरावांनी छाती फुगवली. "अगं येडे, साऱ्या मुलखाला ठाऊक आहे! मी महाराजांचा सख्खा मेव्हणा. माझी बहीण या गडाची राणी आहे!"

"तेच म्हटलं." राहीनं टोपली उचलली आणि राजांच्या पायाशी आणून ठेवली. "बसा, सरकार."

"काय?"

"आमच्यात दोर बांधतो तो बायकोचा भाऊ, आणि उतरतो तो बहिणीचा नवरा. माझा बाप उतरतो तेव्हा दोर माझा मामा बांधतो. बहिणीचं कुंकू त्या गाठीला टांगलेलं असतं, म्हणून मामा झोपेतसुद्धा गाठ सैल मारत नाही. परवापासून तो तापानं फणफणलाय, म्हणून बाप स्वतः दोर बघायला गेला. आता दोर बांधलाय रावसाहेबांनी. मग टोपलीत कोण बसणार? मी त्यांची कोण लागते?"

दाढ्या एकदम डोलायच्या थांबल्या.

राजांनी इकडेतिकडे बघितलं. पण शब्द दिला होता सगळ्यांदेखत, आणि म्हाताऱ्याचा हट्ट म्हणजे हट्ट. तरातरा टोपलीत जाऊन बसले. चार भालदारांनी टोपली काठाशी आणली. राजांनी खाली डोकावलं. एक घार त्यांच्या पायांखालून उडत गेली.

राजांचा हात हळूच गाठीकडे सरकला.

"हं हं! हात नाही लावायचा, सरकार!"

"अगं, नुसतं बघतोय!"

"नुसतं बघायला गेला म्हणून तर माझा बाप कैदेत आहे!"

राजांचा हात तिथंच थबकला. कपाळावरून घामाचा ओघळ मिशीत उतरला. तेवढ्यात चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेबांची किंकाळी आली, "दादा! मेख बघ! आधी मेख हलवून बघ रे मेल्या!"

हैबतराव पगडी सावरत धावले. दोन्ही हातांनी मेख धरली, ओढली, आणि मागच्या मागे झेंडूत आडवे झाले. वाफ्यातला मुळा उपटावा तशी मेख त्यांच्या हातात!

मेखेच्या टोकावरून माती झडत होती.

राजे टोपलीतून बाहेर आले. त्यांनी मेखेकडे बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं, मग राहीकडे. "आणि तुला हे आधीच दिसलं होतं?"

"दिसलं होतं की. पण मी सांगितलं असतं तर तुम्ही मलाही बापाशेजारी बसवलं असतं. म्हणून म्हटलं, तुमचं तुम्हालाच बघावंसं वाटू दे!"

रायाजीराजे आधी घशातल्या घशात खाकरले. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे गडगडून हसले की कपारीतल्या माशा भणभणल्या!

"सोडा रे धाकूला! आणि वैद्यांना पाठवा हिच्या मामाकडे. मध तो बरा झाल्यावर! आजपासून या कड्याचा दोर धाकूच्या घरचेच बांधतील. आणि हैबतराव, तुम्ही वाफ्यात आहातच, तर झेंडूला पाणी घाला!"

राजांनी आपल्या दंडाला दोऱ्यानं बांधलेली ताईताची सोन्याची पेटी काढून राहीच्या हातात ठेवली. राहीनं पेटीची कडी ओढून पाहिली, दोरा ताणून पाहिला, पुन्हा एकदा ओढला.

"बघ, बघ!" डोळे पुसत राजे म्हणाले. "नीट बघून घे बाई! ती पण मेव्हण्यानंच आणलीय!"